पॅकेजचा पैसा गावात पोचला की नाही, हे कसे तपासायचे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारले आहे. त्या पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आल्या आहेत. सरकार शेतकऱ्यांसाठी, रोजगारासाठी हजारो कोटींची पॅकेजे जाहीर करते. त्यातले आपल्या गावात किती आले आणि कशाला लागले, हे सदस्याने कुठे पाहायचे? शिवाय त्यांच्या गावची एक पांदण, म्हणजे शेताकडे जाणारा रस्ता, संकेतस्थळावर ‘पूर्ण’ दिसते आणि प्रत्यक्षात अर्धीच झाली आहे. मग खरे काय धरायचे?

ताई, पंचायतींचे हिशेब आणि सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांना सोबत घेऊन केलेली कामांची तपासणी, याच कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो. पांदणीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, तिकडे येतोच. पण आधी पॅकेजचा आकडा वाचायला शिकले पाहिजे, कारण गावात सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच होतो.

२००६ च्या जूनअखेरीस पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला शेतकऱ्यांना भेटले आणि १ जुलैला अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्याआधी डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने १,०७५ कोटींचे पॅकेज दिले होते. तेव्हा गावोगाव लोक पारावर बसून भागाकार करत होते. इतके कोटी, इतके शेतकरी, मग माझा वाटा कुठी गेला? पण आकडा फोडून पाहा. ३,७५० पैकी २,१७७ कोटी सिंचन प्रकल्पांसाठी होते आणि ७१२ कोटी थकीत कर्जावरचे व्याज माफ करण्यासाठी. या दोनच बाबी मिळून २,८८९ कोटी होतात, म्हणजे पॅकेजचा पाऊण हिस्सा आणि वर थोडे. सिंचनाचा पैसा धरणाच्या आणि कालव्याच्या कामावर गेला. व्याजाचा पैसा बँकेच्या हिशेबात जमा झाला. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे व्याज उतरले, पण हातात रोकड आली नाही. उरलेल्यात पाणलोटासाठी २४० कोटी, फळबागेसाठी २२५, बियाण्यासाठी १८०, दुधाळ जनावरांसारख्या जोडधंद्यासाठी १३५ आणि ठिबक-तुषारसाठी ७८ कोटी होते. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या पॅकेजच्या गाई. ज्या गावात उन्हाळ्यात बैलांना कडबा पुरत नाही आणि दूध घ्यायला गाडी येत नाही, तिथे जास्त दुधाच्या गाई दिल्या आणि अनेकांनी त्या विकून टाकल्या. ते दुःख खरेच आहे. पण जोडधंद्याची ती पूर्ण बाब शंभरात चार रुपयांचीही नव्हती. चर्चा तिची झाली आणि पाऊण हिस्स्याकडे कोणी पाहिले नाही.

२०२० चे आत्मनिर्भर भारत पॅकेजही तसेच वाचावे लागते. एकूण आकडा २०,९७,०५३ कोटी रुपये. त्यातले ८,०१,६०३ कोटी म्हणजे रिझर्व्ह बँकेने बँकांना उपलब्ध करून दिलेला पैसा. लहान उद्योगांना सरकारी हमीवर मिळणारे ३ लाख कोटींचे कर्जही त्यातच मोजलेले. कर्ज उपयोगी नसते असे मी म्हणत नाही, पण ते बँकेचे पैसे आहेत, घेणाऱ्याने ते फेडायचे आहेत आणि ग्रामपंचायतीच्या वहीत ते कधीच दिसणार नाहीत. गावाच्या दृष्टीने ठोस रक्कम होती ती रोजगार हमीसाठी दिलेले वाढीव ४०,००० कोटी. मुंबई, पुणे, सुरतहून माणसे चालत घरी आली होती, तेव्हा त्या पैशातून बांधबंदिस्ती, विहिरी, शेततळी, रोपवाटिका अशी कामे निघाली. महाराष्ट्रात त्या वर्षी मजुरीचा दर रोज २३८ रुपये होता. मेळघाटातल्या कितीतरी घरांत त्या मे-जूनमध्ये दुसरी मिळकतच नव्हती.

तेव्हा कोणतेही पॅकेज जाहीर झाले की आधी विचारा, हा पैसा कोणाच्या खात्यावर जाणार आहे? बँकेच्या, महामंडळाच्या, जिल्हा परिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या, की थेट माणसाच्या? खाते कळले की कागद कुठे मागायचा तेही कळते. ज्याला खातेच सांगता येत नाही, तो आकडा तुमच्या गावासाठी नाही असे समजून पुढे चला.

आता ‘खर्च झाला’ म्हणजे काय, ते पाहू. राज्याच्या वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर प्रत्येक लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या क्रमांकाखाली, तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती, हे दिसते. गावातले सरपंच लेखाशीर्षे तोंडपाठ बोलतात, ते तुम्ही ऐकले असेल: ‘पंचवीस-पंधराचे काम’, ‘तीस-चोपनचा रस्ता’. २५१५ म्हणजे ग्रामविकास विभागाची गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे आणि ३०५४ म्हणजे रस्ते-पुलांची दुरुस्ती. अडचण अशी की कोषागाराच्या दृष्टीने पैसा जिल्हा परिषदेच्या खात्यात गेला की तो खर्च झाला. पण जिल्हा नियोजनातून मिळालेला निधी जिल्हा परिषद पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत वापरू शकते. म्हणून ३१ मार्चला राज्याच्या पडद्यावर पूर्ण खर्च दिसतो, आणि त्याच दिवशी तुमच्या रस्त्याची निविदाही निघालेली नसते. यात लगेच चोरी शोधू नका. ही पद्धतच अशी आहे. पण वर्तमानपत्रात ‘नव्याण्णव टक्के निधी खर्च’ अशी बातमी वाचली तर त्यावरून गावात काम झाले असाही अर्थ काढू नका.

अमेरिकेत २००९ च्या मंदीत ७८७ अब्ज डॉलरचे पॅकेज मंजूर झाले, तेव्हा प्रत्येक पैसा लोकांना दिसावा म्हणून कायद्यानेच संकेतस्थळ उभे करायला लावले. ज्याला पैसा मिळाला त्याने दर तीन महिन्यांनी त्यावर माहिती भरायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पत्रकारांनी दाखवून दिले की अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांच्या नावावर त्यात पैसा आणि रोजगार नोंदवलेला आहे. बहुतेक चुका भरणाऱ्यांच्या होत्या. मला यात दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. माहिती उघडी होती म्हणून चूक सापडली. आणि पैसा घेणाराच माहिती भरत असेल, तर ती ताडून पाहायला तिसरा माणूस लागतो. तुमच्या पांदणीच्या बाबतीत तो तिसरा माणूस म्हणजे तुम्ही.

आता पांदण. संकेतस्थळावर ‘पूर्ण’ दिसते, त्यामागे दोन शक्यता असतात आणि आधी साधी शक्यता तपासावी. आपल्याकडे एक पांदण बहुधा एका निधीतून होत नाही. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीचा पैसा आणि दुसरा निधी एकत्र आणण्याची सोय केली गेली. पुष्कळ ठिकाणी मातीकामाचा एक सांकेतांक असतो, खडीकरणाचा दुसरा. मातीकाम संपले की पहिला सांकेतांक ‘पूर्ण’ होतो आणि तो खोटा नसतो. गिट्टी-मुरमाचे काम दुसऱ्या नावाने अजून बाकी असते. म्हणून आधी त्या पांदणीच्या नावाने किती कामे नोंदलेली आहेत ते काढा. नाव थोडे बदलून तीच पांदण दोनदा मंजूर झालेलीही सापडते. ‘अमुकच्या शेतापासून नाल्यापर्यंत’ आणि ‘नाल्यापासून अमुकच्या शेतापर्यंत’ अशा नोंदी दिसल्या, तर दोन्हींचे साखळी क्रमांक, म्हणजे काम कितव्या मीटरपासून कितव्या मीटरपर्यंत आहे ते, मागा.

दुसरी शक्यता अशी की पैसा निघाला आणि काम तेवढे झालेच नाही. हे शोधण्यासाठी कोटींचा अभ्यास लागत नाही. त्या कामाची फाईल लागते आणि टेप लागतो. फाईलमध्ये ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक आणि त्यावरची तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयके असतात. लोक सहसा मान्यतेची आणि देयकाची प्रत मागून थांबतात. माझा अनुभव असा की खरे सगळे मोजमाप पुस्तिकेत असते, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. मोजलेले काम अभियंता तिच्यात लिहितो आणि तेवढ्यावरच देयक निघते. किती लांबी, किती रुंदी, किती जाडी, कोणत्या तारखेला मोजले, हे तिथे लिहिलेले असते. पैशाचा आकडा आणि जमिनीवरचे काम या दोघांना जोडणारा एकच कागद आहे, तो हा.

उदाहरण म्हणून धरा, पुस्तिकेत लिहिले आहे: ५०० मीटर लांबी, ३ मीटर रुंदी, मुरमाचा थर १५ सेंटिमीटर. गुणाकार केला की २२५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, जवळपास २.८३ घनमीटर. म्हणजे साधारण ८० ब्रास मुरूम तिथे दाबून बसलेला असायला हवा, आणि दाबल्यावर ८० ब्रास भरायचा तर सुटा मुरूम त्याहून जास्त आणावा लागतो. आता गावात विचारा. ट्रॅक्टरच्या किती ट्रॉल्या आल्या, कोणाच्या ट्रॅक्टरने वाहिल्या, कोणत्या खदानीतून आल्या, हे पांदणीच्या कडेला शेत असलेल्या माणसाला नक्की माहीत असते. ८० ब्रासच्या कामात पंचवीस ट्रॉल्याच आल्या असतील तर ते लपत नाही. थराची जाडी पाहायला दोन-तीन ठिकाणी लहानसा खड्डा पुरेसा असतो, पण तो पंचांसमोर आणि शक्यतो अभियंत्याला लेखी कळवून करावा, नाही तर तुमच्यावरच रस्ता उकरल्याची तक्रार होईल. आणखी एक धागा गौण खनिजाचा. मुरूम-गिट्टीच्या स्वामित्वधनाचे (रॉयल्टीचे) वाहतूक पास ठेकेदाराला द्यावे लागतात. ते नसतील तर देयकातून रक्कम कापली जाते. पास किती ब्रासचे आणि पुस्तिकेत किती ब्रास, हे शेजारी ठेवले की बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या पैशासाठी ई-ग्रामस्वराज पाहा. हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० ला सुरू झाले. तुमचे राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडले की मंजूर आराखडा, जमा आणि खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) दिसतात. ‘मेरी पंचायत’ या मोबाइल ॲपवरही बरेचसे मिळते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरच्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये ठरवले. त्यातला ६० टक्के पैसा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित. आपल्या राज्यात यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी ठरली. खर्चाच्या प्रमाणकावर रक्कम, तारीख आणि पैसा कोणाला गेला ते नाव असते. नावे वाचा. वर्षभर एकाच एजन्सीला पैसा गेला आहे का, एका कामाचे लहान तुकडे करून ई-निविदेची मर्यादा टाळली आहे का, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किती देयके निघाली, हे अर्ध्या तासात कळते. मात्र कामाची स्थिती भरणारा बहुतेकदा संगणक परिचालक असतो आणि तो सांगितले ते भरतो. प्रमाणकावर विश्वास ठेवा, कारण ते देण्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांची डिजिटल सही लागते. ‘पूर्ण’ या शब्दावर तेवढा ठेवू नका.

रोजगार हमीच्या कामांत मजुरीचा धागा वेगळा आहे. त्या योजनेच्या संकेतस्थळावर कामाच्या सांकेतांकाखाली हजेरीपत्रके, म्हणजे मस्टर, उघडी दिसतात आणि त्यावर मजुरांची नावे, दिवस आणि रक्कम असते. २०२३ च्या जानेवारीपासून हजेरीसाठी कामावर फोटो काढणे सक्तीचे झाले. त्यावर किती भिस्त ठेवायची ते जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून सांगितले: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, फोटोतली माणसे आणि नोंदलेली माणसे यांत फरक, असे प्रकार त्यात नमूद आहेत. सगळ्यात चांगली तपासणी अजूनही मस्टर हातात घेऊन घरोघर जाण्याची. वस्तीवर सावकाश नावे वाचायची आणि विचारायचे, या आठवड्यात तुम्ही गेला होता का, पैसे आले का. एका वस्तीवर एका बाईंनी आपल्या मयत सासूचे नाव मस्टरवर ऐकले आणि त्या रडायलाच लागल्या. अशा वेळी यादी बाजूला ठेवून आधी त्या घराजवळ बसावे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या योजनेच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. नियम आणि संकेतस्थळे बदलतील, पण घरोघर नावे वाचण्याची गरज बदलणार नाही.

याच ठिकाणी दुसरी बाजूही सांगतो. सिंचन विहिरीचा लाभार्थी खोदून मोकळा होतो, बांधकामाचे सिमेंट-लोखंड उधारीवर आणतो आणि कुशलचा, म्हणजे साहित्य आणि गवंडीकामाचा, निधी महिनोन्महिने येत नाही. त्याच्या विहिरीसमोर ‘अपूर्ण’ दिसते आणि लोक त्याच्यावर संशय घेतात. तिथे पैसा वर अडकलेला असतो. पैशाचा माग काढायचा तो अशा माणसाच्या बाजूने उभे राहण्यासाठीही. एखाद्या सरपंचावर किंवा रोजगार सेवकावर आरोप करण्याआधी निधी खरोखर आला होता का, हे पाहाच. मी पाहिलेल्या भांडणांपैकी बरीच न आलेल्या पैशावरून झालेली होती.

तुमच्या हातात सामान्य गावकऱ्यापेक्षा एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे मासिक सभा. जमाखर्च तिथे मंजुरीला येतो. सामान्य रोकड वही, नमुना ५, सभेत समोर मागा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या रजिस्टरवर ‘नंतर लिहू, ताई, तुम्ही सही करा’ असे म्हणतात. महिला सदस्यांना तर फारच. तिथे नम्रपणे पण ठाम नकार द्या. तुमच्या ऐवजी घरातला पुरुष सही करून येतो अशी पद्धत असेल, तर ती पहिल्याच महिन्यात बंद करा. नंतर ते जड जाते.

फाईल मिळत नसेल तर पाहणी मागा. राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तेही जमले नाही तर माहितीचा अधिकार आहे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर ३० दिवसांत. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून ‘पाच वर्षांची सर्व कामे’ असे मागू नका. कामाचे नाव, वर्ष आणि ‘मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची व देयकांची साक्षांकित प्रत’ एवढेच मागा. असा नेमका अर्ज नाकारायला कारण सापडत नाही. उत्तर नाही आले तर ३० दिवसांत पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे. अर्ज एकटीच्या नावाने करू नका. बचत गटातल्या चार-पाच जणींनी एकेका कामाचा अर्ज केला तर दबाव एकीवर येत नाही. माहिती मागून नंतर ठेकेदाराशी तडजोड करणारी माणसेही तालुक्यात फिरतात. त्यांना सोबत घेऊ नका, तुमच्या चांगल्या कामाला डाग लागेल.

आणि मग ग्रामसभा. गणपूर्ती (कोरम) मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि तिथे नवा विषयही घेता येत नाही. म्हणून तुमचा विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या आणि पहिल्याच सभेला माणसे आणा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने हे फार पुढे नेले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या त्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आल्यावर विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या हिशेबात आला. तिथे हिशेब सगळ्यांसमोर होतो, म्हणून संशयाला जागा उरत नाही. तुमचे गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येत असेल, तर आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या कोषात येतो. त्या खात्याचे पासबुक ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

पांदणीसाठी ठराव असा मांडा: या कामाचे मोजमाप अभियंत्याने ग्रामसभेने नेमलेल्या पाच जणांसमोर पुन्हा घ्यावे, त्यात दोन महिला आणि पांदणीवर शेत असलेला एक जण असावा, आणि ते होईपर्यंत उरलेले देयक काढू नये. ठराव तुमच्यासमोर इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची नक्कल मागा आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. पावसाळ्याआधी हे झाले पाहिजे. एकदा पाणी पडले की मुरूम वाहून गेला असे सांगता येते आणि मग मोजायला काही राहत नाही.